हौदाचं उत्तर चार मीटर

मित्रा आणि अनिश,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मित्रा तिच्या सुट्टीतल्या नोकरीबद्दल सांगत होती. हवामानाचा अंदाज करणारी कुठलीशी संगणक प्रणाली आहे, तिच्या चाचण्या रोज आपोआप चालतात आणि सकाळी हिने निकाल बघायचा असतो. "सोपं आहे गं आजी. सगळं हिरवं आलं की मी कॉफी प्यायला मोकळी!" मी छान म्हटलं, तेवढ्यात तुमची आई फोनवर आली आणि विषय पोळ्यांवर गेला. पण नंतर दिवसभर मला राहवेना. अगं, मी हेच तर करत होते! बावीस वर्षं, इथे नागपुरात, आणि निवृत्त झाल्यावरही आठवड्याचे दोन दिवस. तुम्हाला मात्र एवढंच माहीत की आजी 'पाण्याच्या ऑफिसात' होती. अनिशला तर कितीतरी दिवस वाटायचं की मी नळ दुरुस्त करते.

शिवाय यंदा मार्चमध्ये आमची जुनी प्रणाली कायमची बंद झाली. आणि इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाई दोन वर्षं माझ्या मागे लागल्या होत्या, कामाबद्दल लिहा म्हणून. मी त्यांना सांगितलं, मी नातवंडांना लिहीन, तुम्हाला हवं तर छापा. त्या हो म्हणाल्या. तेव्हा हे तुम्हा दोघांसाठी. मित्राने अनिशला वाचून दाखवावं आणि 'वडी' शब्दावर त्याने फार हसू नये. तो शब्द बऱ्याचदा येणार आहे.

तर आधी काम काय ते सांगते.

आमची कचेरी जमिनीखालच्या पाण्याचं गणित करायची. एखाद्या खाणीने रोज इतकं पाणी उपसलं तर शेजारच्या गावच्या विहिरी किती खाली जातील, असे प्रश्न आमच्याकडे येत. जमिनीत डोकावून बघता येत नाही. म्हणून संगणकात त्या भागाचा नकाशा घ्यायचा आणि बर्फीच्या ताटात पाडतात तशा जमिनीच्या वड्या पाडायच्या. आडव्या, उभ्या, आणि एकाखाली एक थरसुद्धा. प्रत्येक वडीत पाणी किती, ते शेजारच्या वडीत किती वेगाने झिरपतं, हे भरायचं. मग प्रणाली दिवसामागून दिवस गणित करत जाते आणि सांगते, मे महिन्यात अमुक वडीत पाणी अमुक खोलीवर असेल. या प्रणालीला आम्ही सगळे 'थोरली' म्हणायचो, कारण विद्यार्थ्यांना शिकवायला एक छोटी प्रणाली होती, ती धाकटी.

आता थोरलीत कुणी ना कुणी रोज काहीतरी बदलत असे. एक ओळ सुधारायला जावं आणि दुसरीकडे तीन बिघडावं, असा हा प्रकार. म्हणून चाचण्या. आमच्याकडे दोनशे बारा होत्या. प्रत्येक चाचणी म्हणजे एक छोटी, मनाने रचलेली जमीन आणि तिचं आधीपासून जपून ठेवलेलं उत्तर. थोरली ते गणित पुन्हा सोडवते आणि नवं उत्तर जपलेल्या उत्तराशी ताडून बघते. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. संध्याकाळी आम्ही घरी जाताना चाचण्या सुरू व्हायच्या आणि सकाळी नऊ वाजता निकाल माझ्या पडद्यावर असायचा.

मग मी काय करायची? लाल झालेल्या चाचणीचं म्हणणं काय ते समजून घ्यायची. कधी नवी सुधारणा चुकलेली असते. कधी सुधारणा बरोबर असते आणि जुनं जपलेलं उत्तरच आता बदलायला हवं असतं. त्याला आम्ही 'उत्तर मान्य करणं' म्हणायचो. एक आज्ञा द्यायची, की नवं उत्तर जपलेलं उत्तर होऊन बसतं, खाली तारीख आणि मान्य करणाऱ्याची आद्याक्षरं. कधी दोघंही बरोबर असतात आणि संगणकच थकलेला असतो.

हो, थकलेला! एका मे महिन्यात रोज सकाळच्या निकालात पन्नास-साठ लाल यायला लागले. दुपारी पुन्हा चालवलं तर शंभर. उत्तरं चुकीची नव्हती, उत्तरं वेळेत येतच नव्हती. चार दिवस प्रोग्रामर मंडळी एकमेकांवर संशय घेत बसली. पाचव्या दिवशी मी वहीत लाल चाचण्यांची यादी वेळेप्रमाणे लावली आणि माझ्या लक्षात आलं, की त्या सगळ्या चार नंबरच्या यंत्रावरच्या आहेत. यंत्रांच्या थंड खोलीत गेले. चार नंबरच्या मागे, थंड हवेच्या जाळीला अगदी चिकटून, पुठ्ठ्याच्या अकरा पेट्या रचलेल्या. आत बुंदीचे लाडू. आमचे भांडारपाल गुल्हाने यांच्या मुलीचं लग्न होतं. लकडगंजातून किराणा आणून घरी लाडू वळले होते आणि बाहेर पंचेचाळीस अंश.

"मॅडम, घरी कूलरमध्ये लाडू मऊ होऊन राहिले ना," गुल्हाने कसनुसं हसत म्हणाले. "इथं सरकारी हवा फुकटच वाहून राहिली होती. मी मनलं, त्याच हवेत राहू द्या."

"आणि आमचे चार प्रोग्रामर चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीयेत त्याचं काय?"

"त्यायले लग्नाले या मना. लाडू खाऊन गोड बोलतीन."

पेट्या हलवल्या, सगळं हिरवं झालं. त्या लग्नाला आम्ही गेलो आणि मी चार लाडू खाल्ले.

माझी एक सवय होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीतून कॉन्व्हेंटात जाणारी मी एकटी मुलगी. माझ्या वडिलांनी छप्पनमध्ये दीक्षा घेतली तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की मूल झालं तर ते इंग्रजी शिकेल. मुलगी झाली तरी त्यांनी शब्द बदलला नाही. तिथे गणिताच्या सिस्टर होत्या, फार कडक. उदाहरण सोडवण्याआधी समासात अंदाज लिहायला लावायच्या, तोही पेनने. अंदाज चुकला तर रागवायच्या नाहीत, पण लिहिला नाही तर वर्गाबाहेर. ती सवय मला कायमची लागली. सकाळी निकालाचा पडदा उघडण्याआधी मी वहीत लिहायची: आज काय लाल व्हायला हवं आणि का. तरुण मुलं हसायची. "मॅडमचं पंचांग आलं काय?" म्हणायची. हसू देत.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वीची.

सावनेरच्या बाजूला एक कोळशाची खाण वाढणार होती. खाण खोल गेली की तळाशी पाणी साठतं, ते रात्रंदिवस उपसावं लागतं. प्रश्न असा होता, की त्या उपशाने शेजारच्या गावच्या विहिरी उन्हाळ्यात किती आटतील? आमच्या अहवालावर ठरणार होतं, की त्या गावाला उन्हाळ्याआधी पाच किलोमीटरवरून नळ आणायचा की नाही. विहिरी मीटरभर खाली जाणार असतील तर नळाची गरज नाही. तीन-चार मीटर जाणार असतील तर गाव कोरडं पडणार. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी सावनेरला बैठक होती.

फेब्रुवारीत मी आणि तुषार गाव बघून आलो. तुषार वानखेडे म्हणजे आमचा सगळ्यांत हुशार प्रोग्रामर, तिशीतला, बोलायला लागला की थांबत नाही. गावात आम्हाला शेवंताबाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, एकट्या कर्त्या, मुलगा पुण्याला. विहीर घराच्या मागे. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि मग सरळ उलटतपासणी सुरू केली.

"काहून वं बाई, तुमचं मशीन माह्या विहिरीबद्दल काय सांगून राहिलं?"

मी म्हटलं, मागच्या उन्हाळ्याचं गणित केलं, तर पाणी साधारण दोन हात खाली गेलं असावं.

"दोन हात!" त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की शेजारीण कुंपणाशी आली. "ऐकून राहिली काय वं, दोन हात मनते! बाई, मी मे महिन्यात दोरीले सात हात जोड लावला. सात! मागच्या साली दोन गायी विकल्या म्या. पाणी पाजाले नव्हतं. आता तीन उरल्या. यंदा नळ नाही आला तर ह्याही जातीन. मंग मी काय दोरीले बांधून ठेवू?"

तुषारने विचारलं, "मावशी, शेजारच्यांनी नवी मोटर तर नाही लावली?"

"लावली ना."

"मंग त्यानंच गेलं असन पाणी."

शेवंताबाईंनी त्याच्यासमोरची कपबशी उचलली. "तू शिकेल आहे ना गा? मग त्याची मोटर जून महिन्यात लागली, हे बी इचाराले पाह्यजे होतं."

गाडीत बसल्यावर मी वहीत काय लिहिलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी लिहिलं: 'दोरीचं माप. नायलॉनची दोरी ताणते. विश्वासार्ह नाही.' सात हात म्हणजे तीन मीटरच्या वर. आमच्या हिशोबाच्या तिप्पट. नायलॉनची कुठली दोरी इतकी ताणते? पण थोरली हिरवी होती. दोनशे बाराच्या दोनशे बारा. त्यामुळे मी दोरीवर संशय घेतला.

बैठकीच्या आधीच्या सोमवारी सकाळी नऊला मी नेहमीप्रमाणे वही उघडली. तुषारने शनिवारी पंपाचा भाग नव्याने लिहिला होता. जुना भाग फार गुंतागुंतीचा झाला होता म्हणून त्याने फक्त आवरला, उत्तरं बदलायचं काही कारण नव्हतं. मी लिहिलं: 'आज एकही लाल नको.' आणि पडदा उघडला. एक लाल.

चाचणीचं नाव 'हौद'. आमच्या सगळ्यांत जुन्या चाचण्यांपैकी एक. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद, वाळूने आणि काठोकाठ पाण्याने भरलेला बंद हौद. आतून पाणी बाहेर जात नाही, बाहेरून येत नाही. वर तीन मीटरचा थर, खाली पाच मीटरचा. मधोमध एक पंप. तो चाळीस दिवस चालवायचा आणि पाणी सरासरी किती खाली गेलं ते बघायचं. जपलेलं उत्तर होतं दोन पूर्णांक नऊ मीटर. तुषारच्या नव्या भागाने दिलं होतं चार.

तुषार धावतच आला. "मॅडम, पाह्यलं मी. माहीच चुकी. एवढा मोठा फरक, काहीतरी भलतंच करून ठेवलं म्या. काढून टाकतो, जुना भाग परत लावतो. दहा मिनिटं."

आमचे प्रमुख डॉ. मानकरही दारात. "लावा, लावा जुना. गुरुवारी बैठक आहे. आता प्रयोग नकोत. हिरवं करा आणि अहवाल छापायला द्या."

मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा."

कारण मला तो आकडा खटकला. तुम्हा दोघांना हे नीट कळावं म्हणून सांगते. बिघडलेली प्रणाली सहसा वेडावाकडा आकडा देते. दोन पूर्णांक एकाहत्तर, सव्वीस हजार, कधी उणे सहाशे. इथे आलं होतं चार. पुढे शून्य, शून्य, शून्य. चूक इतकी नीटनेटकी असते का? मी पेन्सिल घेतली.

अनिश, हे तुलाही जमेल, करून बघ. हौदाचं क्षेत्रफळ शंभर गुणिले शंभर, दहा हजार चौरस मीटर. वाळू पूर्ण पाण्याची नसते, तिच्या दहा भागांतला एकच भाग पाणी निथळतं. म्हणजे पाणी एक मीटर खाली जायला हजार घनमीटर उपसावे लागतात. पंप रोज शंभर घनमीटर उपसतो, चाळीस दिवस. चार हजार. चार हजार भागिले हजार.

"चार," तुषार माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला. मग, "बाप्पा! मंग माहं बरोबर आहे?"

"तुझं बरोबर आहे."

"आणि जपून ठेवेल उत्तर..."

"ते चूक आहे. लाल खरं बोलतंय तुषार, हिरवं खोटं बोलत होतं!"

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. छासष्टाव्या वर्षी! डॉ. मानकर म्हणाले, बसा मॅडम, पाणी घ्या. मला पाणी नको होतं, मला जुना पंपाचा भाग हवा होता. तो आम्ही दोघांनी ओळ-ओळ वाचला आणि अर्ध्या तासात सापडलं. वरच्या थरातल्या ज्या वडीत पंप होता ती वडी कोरडी पडली की थोरली त्या वडीला गणितातून वगळायची. ते ठीकच, कोरड्या वडीत काय मोजणार? पण वडीबरोबर ती पंपही वगळायची. गुपचूप. कुठे सूचना नाही, काही नाही. हौदात वरचा तीन मीटरचा थर आटत आला, पंपाची वडी कोरडी झाली, पंप बंद, आणि पाणी दोन पूर्णांक नऊवर थांबलं. तुषारने भाग आवरताना, वरची वडी आटली तर खालच्या वडीतून पाणी घ्यावं असं लिहिलं होतं. त्याला वाटलं असंच आधीपासून असणार. कुठलाही शहाणा माणूस तसंच लिहील.

आता खाणीचा विचार करा. खाणीचा पंप. एप्रिलमध्ये वरची वडी कोरडी पडते. खरी खाण काय करते? पंप आणखी खाली सोडते आणि उपसत राहते. आमच्या गणितात मात्र एप्रिलपासून खाण उपसा बंदच करत होती! आणि आम्ही गावाला सांगत होतो, मे महिन्यात तुमच्या विहिरी फार जाणार नाहीत.

तुषारने खाणीचं गणित नव्या भागाने चालवायला लावलं. तीन तास लागणार होते. तेवढ्या वेळात मी दुसरं काम केलं. हौदाचं उत्तर मान्य कुणी केलं होतं ते बघितलं.

नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती. आद्याक्षरं माझी.

ती तारीख मला पाठ आहे. अनिश, तुझा जन्म त्यानंतर तीन दिवसांनी झाला. तू दोन आठवडे आधीच यायचं ठरवलंस, तुमच्या आईचा फोन आला आणि माझं तिकीट बदललं. त्याच आठवड्यात थोरलीत कोरड्या वड्या वगळायची सुधारणा झाली होती आणि त्रेसष्ट चाचण्या लाल होत्या. त्या लाल होणारच होत्या, अपेक्षित होतं. मी एकेक बघत गेले. पंचावन्न बघितल्या, सगळ्या योग्य कारणाने बदललेल्या. आठ उरल्या. संध्याकाळी मुंबईचं विमान होतं. मी एकच आज्ञा देऊन आठही मान्य केल्या. त्या दिवशी वहीत अंदाज लिहिला नव्हता.

त्या आठांत हौद होता. आणि यात खरं वाईट काय, ते या धंद्याबाहेरच्यांना पटकन कळत नाही. आमच्या बहुतेक चाचण्यांची उत्तरं थोरलीनेच कधीतरी दिलेली होती. त्यांचं काम एवढंच, की थोरली काल बोलली तेच आज बोलतेय ना हे बघणं. हौदाचं उत्तर मात्र पूर्वी कुणीतरी कागदावर काढून भरलेलं होतं. तो बाहेरचा साक्षीदार होता. मी त्याचा जबाब खोडून त्याच्या तोंडी थोरलीचाच जबाब घातला. मग नऊ वर्षं तो रोज सकाळी तेच म्हणत राहिला आणि मी हिरवा रंग बघून चहा पीत राहिले.

यात तुझा काहीही दोष नाही, बाळा. तू आलास ते फार छान केलंस. आज्ञा मी दिली.

दुपारी गणित पूर्ण झालं. शेवंताबाईंच्या वडीत मे महिन्यात पाणी तीन पूर्णांक चार मीटर खाली जाणार होतं. मागच्या वर्षाचंही चालवलं: तीन पूर्णांक एक. मी हातांत करून बघितलं. सात हाताला थोडं कमी.

"दोरी बरोबर होती मॅडम," तुषार म्हणाला.

मी डॉ. मानकरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, आद्याक्षरांसकट. त्यांनी टेबलावरचा मसुदा पुढे ओढला. मग म्हणाले, "अहवालात लिहू, प्रणालीत सुधारणा केल्यामुळे आकडे बदलले. पुढचं कुणी विचारणार नाही."

"विचारतील सर. आधीचा मसुदा खाणीला गेलाय. त्यात एक मीटर लिहिलंय आणि 'सर्व चाचण्या उत्तीर्ण' असंही लिहिलंय. तीन दिवसांत तिप्पट झालं तर ते म्हणतील, यांच्या गणिताचा भरवसा नाही, नळ पुढच्या वर्षी बघू."

"मग?"

"मग चूक काय होती ते सांगायचं. चूक कळली तरच नवा आकडा खरा वाटेल."

"तुमचं नाव येईल त्यात."

"माझंच आहे ते."

गुरुवारी सावनेरला आम्ही तिघं गेलो. मी हौद एका मोठ्या कागदावर काढून नेला होता, स्केचपेनने, शाळेत काढतात तसा. अपेक्षेप्रमाणे खाणीच्या मुख्य अभियंत्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. "मागच्या महिन्यात तुमच्या सगळ्या चाचण्या पास होत्या. आज एक मीटरचे साडेतीन झाले. आम्ही कुठला आकडा धरायचा?"

मी उभी राहिले, कागद भिंतीला लावला आणि सगळ्यांना गुणाकार करायला सांगितला. खरंच! तहसील कचेरीतल्या त्या दालनात मोठी माणसं दहा हजार भागिले दहा करत होती. चार आलं. मग मी सांगितलं, की आमची प्रणाली नऊ वर्षं दोन पूर्णांक नऊ म्हणत होती, पंप कुठे गायब व्हायचा ते दाखवलं आणि ते चुकीचं उत्तर मी न बघता मान्य केलं होतं हेही सांगितलं. अभियंत्यांना मी एकच विचारलं. "एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की तुम्ही पंप बंद करता?"

भला माणूस होता. "नाही. खाली सोडतो."

मागच्या रांगेत गावची माणसं होती, त्यांत शेवंताबाई. त्या तिथूनच बोलल्या, "मंजे बाई, तुमच्या मशीनले नऊ वर्षं खोटं पाठ होतं?"

"मशीनचं काही नाही शेवंताबाई. मीच चुकीचं पाठ करून दिलं होतं."

"आन् माही दोरी?"

"तुमची दोरी बरोबर होती. मी वहीत ती चूक लिहिली होती, तेही माझंच चुकलं."

"लिवलं होतं बी?" त्या शेजारणीकडे वळल्या. "पाह्य बाप्पा, माह्या दोरीचं नाव सरकारी वहीत!" सगळे हसले. मीही हसले आणि डोळे पुसले.

नळ मंजूर झाला. पण काम कागदाइतकं भरभर होत नाही. नळ आला जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि मे महिनाभर गावाला टँकर आले, तेही याच अहवालामुळे. मे महिन्याच्या शेवटी मी टेप घेऊन गावी गेले. शेवंताबाई म्हणाल्या, "आता टेप आणली काय वं? ये, दोरी आन् टेप दोघी सोडू." दोन्ही सोडल्या. टेप म्हणाली तीन पूर्णांक तीन. आमचा अंदाज तीन पूर्णांक चार. मी त्या विहिरीच्या काठावर टाळ्या वाजवल्या! विहीर आटल्याच्या आनंदात टाळ्या वाजवणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल. शेवंताबाईंनी मला हाताला धरून मागे ओढलं. गोठ्यात तिन्ही गायी होत्या.

पुढचा भाग मला लिहावा वाटत नव्हता, पण मित्रा, तुझ्यासाठी लिहिते. त्या नऊ वर्षांचे सगळे जुने अहवाल आम्ही बाहेर काढले. बहुतेकांत वडी कोरडी पडण्याचा प्रश्नच नव्हता, ते बरोबर होते. दोन चुकले होते. एका ठिकाणी पत्र पाठवून, पुन्हा गणित करून वेळेत दुरुस्ती झाली. दुसऱ्या गावाचा अहवाल सात वर्षांपूर्वीचा होता. तिथली खाण तोवर बंद झाली होती. मी आणि तुषार जाऊन आलो. पाणी परत आलेलं होतं. मधल्या उन्हाळ्यांत काय झालं, कुणी काय विकलं, हे मी विचारलं. लोक म्हणाले, त्याचं आता काय सांगाचं बाई, गंज दिवस झाले. गंज म्हणजे खूप. मला उत्तर मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही.

तुला हिरवं दिसलं की कॉफी प्यायला जा, जरूर जा. पण आधी एकदा विचार, हे जपलेलं उत्तर कुणी काढलं होतं. हे विचारायला कुणी मनाई करत नाही, आणि सापडलं तर जी मजा येते ती मी तुला शब्दांत सांगू शकणार नाही. माझ्या सगळ्या नोकरीत त्या सोमवारी सकाळी साडेनऊ ते दहा एवढा आनंद मला कधी झाला नाही, आणि तो माझीच चूक सापडल्याचा होता.

त्यानंतरचं वर्ष मी आणि तुषारने दोनशे बारा चाचण्या एकेक करून तपासल्या. ज्यांचं उत्तर कागदावर काढता येतं त्या वेगळ्या केल्या, उत्तरं हाताने पुन्हा काढली, एकाने काढायचं आणि दुसऱ्याने न बघता पुन्हा काढायचं. अशा एकतीस निघाल्या. एकाच आज्ञेने अनेक उत्तरं मान्य करण्याची सोय तुषारने काढून टाकली. आता प्रत्येक उत्तर मान्य करताना कारण लिहावं लागतं, नाहीतर ते मान्य होत नाही. पोरं कुरकुरतात.

थोरली मार्चमध्ये बंद झाली. तिच्या जागी नवी प्रणाली आली, ती मला फारशी कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. थोरलीने स्वतः दिलेली एकशे एक्याऐंशी उत्तरं तिच्याबरोबर गेली. हाताने काढलेली एकतीस नव्या प्रणालीत घेतली आहेत आणि ती रोज चालतात.